टॅपेट कव्हरमधून गळणारं तेल

पुनर्वसनाचं सरकारी ऑफिस पावणेदहाला उघडायचं. बाबुलाल रामटेके नऊलाच यायचा. लाखनीहून सकाळची एसटी, भंडाऱ्याच्या स्टँडवरून पायी, पिशवी कडुनिंबाच्या फांदीला, आणि लगेच गाडीखाली. आदल्या संध्याकाळी इंजिनाखाली त्यानं रद्दीतली एक फाइल उलगडून ठेवलेली असायची. तिच्यावर पडलेले तेलाचे थेंब तो मोजायचा.

त्या दिवशी सात होते. नवं पॅकिंग बसवून पाचच दिवस झाले होते.

“किती झाले रन?” मधुकररावांनी खिडकीतून विचारलं. ते हेडक्लार्क. बाबुलालच्या खालोखाल लवकर येणारा माणूस.

“सात.”

“काल पाच होते ना गा? फॉर्मात आहे तुझी गाडी.”

 बाबुलालनं फाइलची घडी करून ती डिकीत टाकली.

गाडी म्हणजे पांढरी अॅम्बॅसडर. पंच्याऐंशी सालची, पेट्रोलवर चालणारी. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ऑफिसचीही वाटणी झाली. कपाटं वाटली, टेबलं वाटली, टाइपरायटर वाटले. दोन्ही जीप गोंदियाला गेल्या. अॅम्बॅसडर जुनी म्हणून कुणी मागितली नाही. ती भंडाऱ्यात राहिली आणि बाबुलालही राहिला. कोरी होती तेव्हापासून तीच तो चालवत होता. गोसीखुर्दच्या धरणावर, उठवलेल्या गावांच्या नव्या वस्त्यांवर, पवनीला, नागपूरला. साहेब आले आणि गेले. स्टेअरिंगवरचे हात तेच राहिले.

आता दोन हजार तीन सरत आलं होतं आणि नागपूरहून पत्र आलं होतं. जानेवारीत तपासणीचे साहेब येतील, जुन्या गाड्या बघतील, ज्या निकामी ठरतील त्या निर्लेखित होतील. निर्लेखित म्हणजे मोडीत. पत्र मधुकररावांनीच वाचून दाखवलं. पुढचं त्यांनी पदरचं जोडलं.

“गाडी गेली तं नवी काही येत नाही. भाड्याची जीप लावतील. तिचा ड्रायव्हर तिच्यासंगच येते. तू मंग माह्या बाजूच्या टेबलावर बस. आवक-जावक पाह्य. शिक्के मार.”

बाबुलालच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्याला शिक्के मारायचे नव्हते.

त्याचा बाप दिघोरीचा. आयुष्यभर त्यानं दुसऱ्याच्या बांधीत धान रोवला आणि दुसऱ्याच्या खळ्यावर चुरला. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर त्यानं घरात एवढंच सांगितलं होतं, पोरगा दुसऱ्याच्या बैलामागं जाणार नाही. पोरगा ट्रकवर गेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग परीक्षा देऊन सरकारी ड्रायव्हर. खाकी कपड्यांत तो पहिल्यांदा गावी सरकारी गाडी घेऊन गेला तेव्हा बाप गाडीभोवती फिरला नाही. खिडकीतून हात आत घातला, स्टेअरिंगला लावून पाहिला आणि म्हणाला, “गरम हाय.” बाबुलालनं तेव्हापासून एक मनाशी धरलं होतं. नोकरीतून उतरायचं ते स्टेअरिंगवरून. खुर्चीवरून नाही.

म्हणून ते सात थेंब त्याच्या उरावर बसले होते. गळकं इंजिन बघून कोणता तपासणीवाला गाडी ठेवणार?

तेल कुठून येतं हे शोधावं लागत नव्हतं. बोनट उघडलं की दिसायचं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. झाकणाच्या कडेखाली कॉर्कची पट्टी बसते, ते पॅकिंग. वरचे दोन नट कसले की पट्टी दबते आणि आतलं तेल आत राहतं. अॅम्बॅसडरमधलं हे सगळ्यांत सोपं काम. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात देतात ते. आणि तेच होत नव्हतं. पट्टीखालून तेल पाझरायचं, इंजिनाच्या अंगावरून ओघळायचं, तापलेल्या एक्झॉस्टवर पडून त्याचा धूर व्हायचा. पवनीच्या रस्त्यावर एकदा एका सायकलवाल्यानं हात करून गाडी थांबवली होती. “काका, जळून राहिली काय?”

काम टिकारामकडे होतं. त्याचं गॅरेज लाखनीत, हायवेला लागून, बाबुलालच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ट्रकवाले त्याच्यासाठी अर्धा दिवस खोळंबून बसत. साहेबांची परवानगी काढून बाबुलाल रविवारी गाडी तिथं न्यायचा.

पहिल्या रविवारी टिकारामनं नागपूरहून आणलेलं तयार पॅकिंग लावलं. तीन दिवस कोरडे गेले. चौथ्या दिवशी थेंब. दुसऱ्या रविवारी त्यानं पॅकिंगच्या दोन्ही अंगांना शेलॅक नावाचं चिकट रोगण फासलं. ते वाळेपर्यंत बाबुलालनं गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. पाच दिवस कोरडे. मग थेंब. तिसऱ्या रविवारी टिकारामनं जाड कॉर्कचा तुकडा आणला, झाकणाच्या मापानं स्वतः कापला, आणि नट कसायला बाबुलालनं पाना त्याच्या हातून घेतला.

“बस,” टिकाराम म्हणाला.

बाबुलालनं अर्धा फेर आणखी दिला.

“बस म्हणलं ना. ट्रकचं चाक नोहे ते.”

बाबुलालनं पाव फेर आणखी दिला. त्याचा स्वतःवर विश्वास नव्हता आणि टिकारामवर तर मुळीच उरला नव्हता. झाकणाची पातळ कड वाकली. त्या आठवड्यात तेल दोन जागांहून यायला लागलं.

मग तो बोलत सुटला. ऑफिसात बोलला, चहाच्या टपरीवर बोलला, एसटीत बोलला. लाखनीत मेकॅनिक उरला नाही म्हणाला. टिकारामची नजर गेली, हात गेले, नुसतं नाव राहिलं म्हणाला. ऐकणारे मान डोलवत. त्यांच्यापैकी कुणाकडेही अॅम्बॅसडर नव्हती.

घरी निर्मलाबाई त्याचे खाकी कपडे सोड्यात भिजवायची. तरी तेलाचा वास जायचा नाही.

“अवो, प्रतिक्षाचा फोन आला होता,” एका संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली. प्रतिक्षा त्यांची मुलगी, तुमसरला दिलेली. “जावई बोलावून राहिले. नाताळच्या सुट्ट्यांत या म्हणते.”

“रविवार येते काय त्यात?”

“सुट्ट्या हायेत तं रविवार येईनच.”

“मंग नाई जमत.”

तिनं पिळलेली पँट झटकली. “सवतीचा बी कोणी एवढा लाड करत नाई. तिचं नाक गळून राहिलं अन् तुमाले जेवण गोड लागत नाई.”

“तुले नाई समजत.”

“मले समजते. शिक्के मारले तं हात झडत नाईत कोणाचे.”

तो ताटावरून उठला. पुढचे दोन दिवस घरात फक्त रेडिओ बोलत होता.

जानेवारीचा पहिला रविवार आला. तपासणीला दहा दिवस उरले होते. बाबुलालनं गाडी टिकारामच्या दारात उभी केली. टिकाराम एका ट्रकच्या चाकाशी बसला होता. तो उठला नाही.

“कायले आणली? माह्या हातात तं काही राहिलं नाई म्हणे.”

“कोण म्हणलं?”

“कंडक्टर. तू एसटीत भाषण देते म्हणे रोज. तिकीट काढून ऐकतात लोकं.”

 बाबुलालला दुसरीकडे जायला जागा नव्हती. “टिकारामभाऊ, दहा दिवस राहिले,” तो म्हणाला.

टिकारामनं हात पुसले. झाकण काढलं. वाकलेली कड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून लहान हातोडीनं हळूहळू सरळ केली. मग झाकण एका काचेवर पालथं ठेवलं आणि दोघंही वाकून कडेखालून उजेड येतो का ते बघत राहिले. येत नव्हता. त्यानं नवं कॉर्क लावलं. नट स्वतः कसले, बेताचे, आणि पाना खिशात घातला. बाबुलालच्या हाती तो लागू नये म्हणून.

गाडी चालू केली. दहा मिनिटं काही नाही. बाराव्या मिनिटाला मागच्या कोपऱ्यात, पट्टीच्या खाली, एक थेंब चमकला. फुगला. ओघळला.

बाबुलालनं हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. चाकाला लाथ मारली. त्या गाडीला त्यानं अठरा वर्षांत कधी पाय लावला नव्हता. मग तो पंक्चरच्या ट्यूबांच्या ढिगावर जाऊन बसला आणि रस्त्यावरून जाणारे ट्रक बघू लागला.

टिकाराम मात्र इंजिनाजवळून हलला नाही. घोडं कुठं पेंड खातं ते त्याला बघायचं होतं. त्यानं इंजिन चालू असतानाच तेल भरायच्या तोंडाचं बुच फिरवलं. फुस्स आवाज झाला. त्यानं बुच उघडंच ठेवलं आणि मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. थेंब थांबला होता. बुच लावलं. थोड्या वेळानं थेंब पुन्हा फुगला. बुच काढलं. थांबला. असं त्यानं तीनदा केलं.

“इकडं ये,” तो म्हणाला. “पॅकिंगचा काही दोष नाई. इंजिनाच्या पोटात वारा कोंडून राहिला. त्याले निंगाले जागा पायजे. नाई भेटली तं तो तेल घेऊन पॅकिंगखालून निंगते. शंभर पॅकिंगं लाव तू, काही होत नाई.” मग त्यानं बोट लावलं. झाकणावरून एक अंगठ्याएवढी रबरी नळी निघत होती आणि एअर क्लिनरमध्ये शिरत होती. “त्याची वाट हे हाय. झाकण काढताना मी इकडचं टोक काढत होतो. तिकडचं कोणी पाह्यलं?”

 तिकडचं टोक बाबुलालनं पाहिलं होतं.

दीड वर्षापूर्वी ऑफिसला एक मॅडम होत्या. तरुण होत्या, पोटुशी होत्या, आणि तरी वस्त्यांवर जायचं टाळत नसत. ती नळी तेव्हा एअर क्लिनरच्या तोंडाशी तडकली होती. इंजिनाची वाफ तिथून बाहेर पडून गाडीत शिरायची. मॅडम बोलल्या कधी नाहीत. फक्त रुमाल नाकाला लावायच्या, आणि एकदा धरणाच्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून ओकल्या, तोंड धुतलं आणि सॉरी म्हणाल्या. बाबुलालला ते सॉरी फार लागलं. गाडीतल्या माणसाला तोंड उघडून सांगावं लागलं तर तो ड्रायव्हर कसला, असं त्याचं मत होतं. ऊन येण्याआधी पडदा ओढलेला हवा, तहान लागण्याआधी पाण्याची बाटली भरलेली हवी. त्यानं नव्या नळीची मागणी लिहून दिली. मागणी स्टोअरला गेली. स्टोअर वाटणीत गोंदियाला गेलेलं. तिथून काही आलं नाही. मग एका सकाळी त्यानं लाकडाची एक गुल्ली तासली, तिला जुन्या पँटचं फडकं गुंडाळलं, आणि नळीच्या त्या टोकात ठोकून बसवली. वास बंद झाला. मॅडमचा रुमाल पर्समध्येच राहू लागला. नवी नळी येईपर्यंत, असं त्यानं ठरवलं होतं. मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तिथूनच अमरावतीला बदलून गेल्या. वर्षभर गाडीला काही झालं नाही. बाबुलाल ते विसरून गेला.

टिकाराम नळीला हात घालत होता.

“राहू दे,” बाबुलाल म्हणाला. “मी काढतो.”

त्यानं नळी ओढली, पक्कड घातली आणि गुल्ली बाहेर काढली. ती तेलानं काळी झाली होती, पण फडक्याची एक घडी उलगडली तिथं मूळ रंग दिसत होता. टिकारामनं तो रंग पाहिला. मग बाबुलालच्या पँटकडे पाहिलं.

“खाकी हाय,” तो म्हणाला.

“हाव.”

“म्हणजे सरकारी काम हाय हे.”

“मॅडमले वास येत होता.”

“कोणत्या मॅडमले?”

“गेल्या त्या. दीड वर्ष झालं.”

“मंग बुच कायले ठेवला? आठवण म्हणून?”

बाबुलाल हसला नाही. टिकारामही नंतर हसला नाही. एका मोडक्या ट्रकच्या नळीचा तुकडा त्यानं मापानं कापला आणि दोन्ही टोकांना क्लिप लावून बसवला. गाडी पुन्हा चालू केली. अर्धा तास दोघं उभे राहून पट्टीची कड बघत होते. कोरडी. बाबुलालनं बोट फिरवून पाहिलं. कोरडं.

“एसटीत सांगशील ना आता?” टिकारामनं विचारलं.

“काय?”

“हेच. खाकी.”

दुसऱ्या दिवशी बाबुलालनं एसटीत सांगितलं. कंडक्टरलाच सांगितलं, मोठ्यानं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. सोपं नव्हतं ते. पण सकाळी नऊला फाइल कोरी होती. मंगळवारी कोरी होती. सलग नऊ दिवस कोरी होती. मधुकररावांना खिडकीतून विचारायला काही राहिलं नाही. त्या नऊ दिवसांत बाबुलालनं गाडीला पॉलिश केलं, सीटची कव्हरं धुतली, नंबर नव्यानं रंगवून घेतला. निर्मलाबाईला म्हणाला, तपासणी झाली की तुमसरला जाऊ. चार दिवस राहू.

तपासणीचे साहेब आले. पन्नाशीचे, शांत, खिशात स्वतःची टॉर्च बाळगणारे. ऑफिसातल्या चहाला थांबले नाहीत. सरळ गाडीपाशी आले. बोनट उघडलं आणि झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं.

“छान ठेवलीय,” ते म्हणाले.

बाबुलाल ताठ उभा होता. मधुकररावांनी त्याच्याकडे बघून मान हलवली.

“चालू करा.”

बाबुलालनं चालू केली. साहेबांनी तेल भरायचं बुच काढलं आणि त्या तोंडावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग टॉर्च लावून आत पाहिलं. तेल मोजायची पट्टी काढून तेल बोटांत चोळून पाहिलं. इंजिन बंद करायला सांगितलं.

“खालून जोर येतोय. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. आत मळी किती आहे बघा.” त्यांनी टॉर्च बाबुलालच्या हातात दिली. त्यानं आत पाहिलं. आतली भिंत काळ्या लोण्यासारखी दिसत होती. “ही नळी नवी दिसते.”

“हो साहेब.”

“जुनी बंद होती का?”

कचरा अडकला होता, असं म्हणता आलं असतं. मधुकरराव बाजूला उभे होते, त्यांच्या तोंडावर ते वाक्य तयार दिसत होतं.

“मी बुच मारला होता साहेब,” बाबुलाल म्हणाला. “दीड वर्ष.”

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. इंजिनाला श्वास नव्हता. वाफ आतच थंड झाली, तेलात उतरली, त्याची मळी झाली. मळीनं रिंगा चिकटल्या. एवढं दुरुस्त करायला या वयाच्या गाडीला मंजुरी मिळत नाही.

“नाहीतर बाकी गाडी उत्तम आहे,” ते म्हणाले. “अजून चार-पाच वर्षं आरामात गेली असती.”

“मले दोनच पाहिजे होते.”

“काय म्हणालात?”

“काही नाही साहेब.”

महिनाभरानं ट्रक आला आणि अॅम्बॅसडरला दोर बांधून घेऊन गेला. आपण चालवत नेतो, असं बाबुलालनं म्हणून पाहिलं. कागदावर ‘बंद’ लिहिलेलं असल्यामुळे ती चालवता येणार नव्हती. ओढून न्यायलाही स्टेअरिंगवर माणूस लागतो, पण त्या लोकांनी आपला माणूस आणला होता.

बाबुलाल मधुकररावांच्या शेजारच्या टेबलावर बसला. दोन वर्षं त्यानं आलेल्या कागदांवर आवक आणि गेलेल्या कागदांवर जावक असे शिक्के मारले. शिक्का कधी तिरपा पडला नाही. मधुकररावांनी त्याची थट्टा करणं सोडून दिलं होतं. तेच त्याला जास्त जड गेलं.

तो रिटायर झाला त्या दिवशी ऑफिसनं शाल दिली, नारळ दिला. आदेशाचा कागद मधुकररावांनीच वाचला. त्याचं पद कुणी कागदावर बदललंच नव्हतं. ‘श्री. बाबुलाल रामटेके, वाहनचालक’ असं त्यात लिहिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोला म्हणाले. तो उभा राहिला, जयभीम म्हणाला आणि खाली बसला.

रिटायर झालेल्या माणसाला त्या दिवशी साहेबांच्या गाडीतून घरी सोडायची त्या ऑफिसात रीत होती. भाड्याची जीप दारात उभी होती. प्रविण नावाच्या तिच्या ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं. बाबुलाल मागं बसला नाही. नारळ आणि शाल मागच्या सीटवर ठेवून तो पुढं प्रविणच्या शेजारी, डाव्या अंगाला बसला.

“काका, एसी लावू काय?”

“नको.”

भंडारा मागं पडलं. हायवेला नेहमीसारखे ट्रक होते. प्रविण बरा चालवत होता, घाई करत नव्हता. पुढचा ट्रक मंदावला की बाबुलालचा उजवा पाय पायाखालच्या रबरावर दाबला जायचा. तिथं ब्रेक नव्हता. प्रत्येक ट्रकला, प्रत्येक गतिरोधकाला, रस्त्यात आलेल्या एका म्हशीला त्यानं तो पाय दाबला. प्रविणच्या ते लक्षात आलं होतं.  लाखनी येईपर्यंत तो स्वतःचा ब्रेक थोडा लवकर लावत राहिला.